यादी मोजावी की वाचावी?



२०२० च्या मार्चचा शेवटचा आठवडा. आमची लॅब बंद होऊन दहा-बारा दिवस झाले होते. आयुष्याची वीस वर्षे परजीवी जंतूंवर काम केलेली मी घरात बसून भाज्यांच्या पिशव्या साबणाने पुसत होते. त्या दिवशी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाशिकच्या मावसभावाचा प्रश्न आला, "ताई, फ्रान्सचा एक डॉक्टर म्हणतोय की मलेरियाच्या गोळीने कोरोना बरा होतो. तू याच विषयातली ना? माणूस खरा आहे का?"

मी लगेच पबमेड उघडले, दिदिए राऊल हे नाव टाइप केले आणि वर आलेला आकडा पाहिला. मग ग्रुपवर लिहिले, "माणूस फार मोठा आहे. दोन हजारांवर पेपर आहेत त्याचे. विचार करण्यासारखं आहे." या सगळ्याला पाच मिनिटेही लागली नाहीत. ज्या पेपरबद्दल ही चर्चा चालली होती तो जेमतेम काही पानांचा आहे. तो मी तीन दिवसांनी वाचला.

त्याच मावसभावाच्या आईला, म्हणजे माझ्या मावशीला, कित्येक वर्षांपासून संधिवात आहे. तिची रोजची गोळी म्हणजे हेच हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. एप्रिलमध्ये नाशिकला ती गोळी मिळेना. भाऊ पाच-सहा दुकाने फिरला. मावशीचे जवळजवळ तीन आठवडे गोळीविना गेले. बोटे सुजली, सकाळी चहाचा कप धरता येईना. माझ्या एका मेसेजमुळे नाशिकचा साठा संपला, असे म्हणण्याइतकी मी स्वतःला मोठी समजत नाही. पण त्या ग्रुपवर चाळीसेक माणसे आहेत आणि त्यातल्या दोघांनी पुढे कबूल केले की "तू म्हणालीस म्हणून" त्यांनी घरात असू दे म्हणून चार-चार स्ट्रिप्स आणून ठेवल्या होत्या.

डिसेंबर २०२४ मध्ये तो पेपर प्रकाशकांनी मागे घेतला. तोवर तीन हजारांहून अधिक शोधनिबंधांत त्याचा उल्लेख होऊन गेला होता. ही बातमी वाचल्यापासून या विषयावर संपादकीय लिहायचे मनात होते. विषय तसा आमच्या धंद्यातला आहे, पण परिणाम सगळ्यांनाच भोगावे लागतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे. सांभाळून घ्यावे.

आधी राऊल यांच्याशी न्यायाने वागू. ते कुणी भोंदू बाबा नव्हेत. मार्सेयमध्ये बसून त्यांनी अनेक वर्षे रिकेट्सिया या जंतूंवर काम केले. हे जंतू दुसऱ्या जिवाच्या पेशीत घुसून राहतात आणि गोचीड, उवा, पिसवा यांच्यामार्फत माणसाकडे येतात. (२०१८ मध्ये नागपूर-विदर्भात स्क्रब टायफसची साथ आली होती हे काहींना आठवत असेल. तो जंतू याच कुळातला.) व्हिपल नावाच्या दुर्मीळ आजाराचा जंतू वर्षानुवर्षे कुणाला प्रयोगशाळेत वाढवता येत नव्हता. तो त्यांच्या गटाने वाढवला आणि २००० मध्ये ते काम प्रसिद्ध केले. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या एका कूलिंग टॉवरच्या पाण्यातला एक जीव दहाएक वर्षे जिवाणू म्हणून पडून होता. तो खरे तर एक अवाढव्य विषाणू आहे हे ज्या गटाने २००३ मध्ये दाखवले त्यात राऊल होते. त्यानंतर जगभर इतरांनाही असे महाकाय विषाणू सापडले आणि जीवशास्त्राच्या पुस्तकांत एक नवा धडा आला. २०१० मध्ये फ्रान्सच्या इन्सर्म या संस्थेने त्यांना आपला सर्वोच्च पुरस्कार दिला. जंतूंच्या एका गटाला त्यांचे नावही दिले गेले आहे. थोडक्यात, यादीतले काही पेपर अस्सल सोन्याचे आहेत.

पण यादी दोन हजारांहून मोठी आहे. साधा हिशेब करून बघा. चाळीस वर्षांत दोन हजार, म्हणजे वर्षाला पन्नास, म्हणजे जवळपास दर आठवड्याला एक. माझ्या लॅबमध्ये एक बऱ्यापैकी पेपर पूर्ण व्हायला दोन ते तीन वर्षे लागतात. काळ्या आजाराचा परजीवी वाढवायचा, उंदरांवर प्रयोग करायचे, ते पुन्हा करायचे, आकडे जुळले नाहीत की डोके धरून बसायचे. मोठ्या संस्थेचा प्रमुख शेकडो सहकाऱ्यांच्या कामावर नाव घालतो हे मान्य. तरीही दर आठवड्याला एक पेपर म्हटल्यावर साधा प्रश्न पडतो. हा माणूस हे सगळे पेपर लिहीत असेल हे बाजूलाच राहू द्या, निदान वाचत तरी असेल का?

आकडा एवढा फुगतो कसा, याचे एक उत्तर व्यवस्थेत आहे. फ्रान्समध्ये सरकारी इस्पितळांना मिळणाऱ्या संशोधन निधीचा काही भाग 'सिगाप्स' नावाच्या गुणपद्धतीवर ठरत आला आहे. तिच्या मूळ कोष्टकात सर्वांत वरच्या वर्गातल्या नियतकालिकाला ८ गुण आणि 'ई' वर्गातल्या नियतकालिकाला २ गुण होते. त्या गुणांना लेखकाच्या जागेने गुणायचे. नाव पहिले किंवा शेवटचे असेल तर चारने, मध्येच कुठेतरी असेल तर एकने. आता गंमत पाहा. सर्वोत्तम नियतकालिकात पहिले नाव असेल तर ३२ गुण. 'ई' वर्गातल्या नियतकालिकात पहिले नाव असेल तर ८. म्हणजे चार किरकोळ पेपर बरोबर एक उत्तम पेपर! ज्याने कधी प्रयोगशाळेत पाय ठेवला आहे तो सांगेल की चार किरकोळ पेपर एका वर्षात होतात आणि एका उत्तम पेपरला पाच वर्षेही पुरत नाहीत. मग गुणांमागे पैसा असेल तर लोक काय निवडतील? कुणाच्या मनात काय होते याबद्दल मी बोलणार नाही. पण ताजव्याच्या एका पारड्यात असे वजन ठेवल्यावर ते झुकणारच.

आता तो पेपर. तो नियतकालिकाकडे पोचला १६ मार्च २०२० ला, १७ मार्चला स्वीकारला गेला आणि २० मार्चला इंटरनेटवर आला. त्या नियतकालिकाचे तेव्हाचे प्रमुख संपादक स्वतः या पेपरच्या लेखकांपैकी एक होते. हिशेबात धरलेले रुग्ण ३६. त्यातल्या २० जणांना गोळी दिली, १६ जणांना नाही. सहाव्या दिवशी गोळी घेणाऱ्यांपैकी ७० टक्के लोकांच्या नाकात विषाणू सापडला नाही, आणि न घेणाऱ्यांत हेच प्रमाण साडेबारा टक्के. ऐकायला जादूच. पण गोळी सुरू केलेले रुग्ण मुळात २६ होते. उरलेले सहा कुठे गेले? तिघांना अतिदक्षता विभागात हलवले, एक दगावला, एकाने मळमळीमुळे औषध बंद केले आणि एक इस्पितळ सोडून गेला. या सहांना हिशेबातून वगळले होते. तुलनेसाठी घेतलेले रुग्ण चिठ्ठी टाकून निवडलेले नव्हते. त्यातले बरेच दुसऱ्याच इस्पितळांतले होते. ज्यांची प्रकृती बिघडली तेच हिशेबाबाहेर गेले, तर कुठलेही औषध गुणकारीच दिसणार. आमच्या शाळेच्या मास्तरांच्या भाषेत, नापास झालेल्या मुलांची नावे हजेरीतून काढली की शाळेचा निकाल शंभर टक्के लागतो.

यातले काहीही लपवलेले नव्हते. त्या सहा रुग्णांची हकीकत पेपरमध्येच दिलेली आहे. वाचणाऱ्याला ती पंधरा मिनिटांत दिसली असती. मी वाचले नव्हते. मी मोजले होते.

पुढचे सगळ्यांना आठवत असेल. २१ मार्चला अमेरिकेच्या अध्यक्षांनी या गोळ्यांबद्दल ट्वीट केले. भारतात आयसीएमआरच्या कार्यगटाने त्याच सुमारास आरोग्य कर्मचाऱ्यांना आणि रुग्णांच्या घरच्यांना प्रतिबंधक म्हणून हीच गोळी सुचवली. भारताने निर्यात थांबवली, मग अमेरिकेने मागणी केल्यावर सैल केली. धारावी आणि वरळीच्या वस्त्यांत ही गोळी वाटण्याचा बेतही एप्रिलमध्ये मुंबईत आखला गेला होता, तो नंतर बाजूला पडला. आणि इकडे अमेरिकेत, तिकडे भारतात, ल्युपस आणि संधिवाताचे रुग्ण दुकाने फिरत राहिले.

जूनमध्ये ब्रिटनच्या 'रिकव्हरी' चाचणीने निकाल दिला. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या १५६१ रुग्णांना ही गोळी दिली होती, ३१५५ जणांना नाही. २८ दिवसांत गोळी घेणाऱ्यांपैकी २७ टक्के दगावले, न घेणाऱ्यांपैकी २५ टक्के. म्हणजे फायदा शून्य. हे उत्तर मिळवायला शेकडो साध्या डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी राबून नोंदी केल्या. ही दुसऱ्या प्रकारची मेहनत कुणाच्याही यादीत एका ओळीपेक्षा जास्त जागा घेत नाही.

आणि कुणाला वाटेल की चूक एकाच बाजूने झाली, तर तेही खरे नाही. २२ मे २०२० ला 'लॅन्सेट'सारख्या मातब्बर नियतकालिकात ९६ हजार रुग्णांच्या नोंदींवरचा पेपर आला. त्यात ही गोळी घातक ठरवली होती. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतला तो भाग काही दिवस थांबवला. पण त्या नोंदी पुरवणारी सर्जिस्फियर ही कंपनी मूळ माहिती तपासायला देईना. ४ जूनला, म्हणजे दोनच आठवड्यांत, तो पेपर मागे घ्यावा लागला. त्या वेळी नियतकालिकाच्या नावाला भुललेले लोक आणि राऊल यांच्या आकड्याला भुललेली मी, यात फारसा फरक नव्हता.

लोक मग राऊल यांच्या यादीकडे मागे वळून पाहू लागले. एलिझाबेथ बिक या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाईंनी अनेक पेपरमधल्या आकृत्या आणि परवानग्यांबद्दल जाहीरपणे प्रश्न विचारले. २०२१ मध्ये त्यांच्याविरुद्ध फ्रान्समध्ये फौजदारी तक्रार झाली आणि शेकडो शास्त्रज्ञांनी त्यांच्या बाजूने पत्रावर सह्या केल्या. २०२३ मध्ये एका गटाने मार्सेयच्या संस्थेचे ४५६ अभ्यास तपासले. त्यातल्या २४८ अभ्यासांवर एथिक्स कमिटीच्या परवानगीचा क्रमांक एकच होता! विषय वेगळे, वयोगट वेगळे, देशही वेगळे, आणि परवानगी एक. राऊल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गैरप्रकाराचे आरोप वेळोवेळी नाकारले आहेत. २०२० चा पेपर मागे घेण्याचा निर्णयही त्यांना मान्य नव्हता. मात्र त्याच पेपरच्या तीन सहलेखकांनी स्वतःहून शंका कळवल्या होत्या. संस्थेतून आलेले तीन डझनांहून अधिक पेपर आजवर मागे घेतले गेले आहेत.

एथिक्स कमिटीची परवानगी म्हणजे कागदी सोपस्कार असे आपल्याकडे पुष्कळांना वाटते. ज्याचे रक्त घ्यायचे, ज्याची विष्ठा तपासायची, त्या माणसाला विचारले का, एवढाच तिचा अर्थ आहे. तो माणूस बेघर असतो, आफ्रिकेतल्या खेड्यातला असतो, कधी आपल्या मेळघाटातलाही असेल. पेपरच्या यादीत त्याचे नाव कधीच नसते. म्हणून यादी लांब होत जाते तेव्हा आधी त्याचे काय झाले हे विचारायला हवे.

याउलट आमच्याच विषयातली दोन जुनी उदाहरणे देते.

पहिले १८९७ चे. सिकंदराबादला रोनाल्ड रॉस नावाचा लष्करी डॉक्टर डास फाडून बघत होता. हुसेन खान या हिवतापाच्या रुग्णाने स्वतःला डास चावू दिले, डासामागे एक आणा घेऊन. २० ऑगस्टला एका डासाच्या जठराच्या भिंतीत रॉसला काळे कण असलेल्या विचित्र पेशी दिसल्या, दुसऱ्या दिवशी आणखी एका डासात. डिसेंबरमध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्याचा पेपर आला. त्याचे शीर्षकच सांगते की हे दोन डासांत दिसलेल्या काही विचित्र पेशींबद्दल आहे. 'हिवतापाचे कोडे सुटले' असे शीर्षक त्याने दिले नाही. स्लाइड्स त्याने लंडनला मॅन्सनकडे पाठवल्या, म्हणजे दुसऱ्याच्या डोळ्यांनी खात्री व्हावी. पुढे कलकत्त्याला पक्ष्यांच्या हिवतापावर त्याने सगळे चक्र सिद्ध केले आणि माणसाच्या बाबतीत ते इटालियन शास्त्रज्ञांनी दाखवले. दोन डास हा छत्तीस रुग्णांपेक्षाही लहान आकडा आहे. पण लहान आकड्याला लहानच म्हटले तर त्यात काही वावगे नाही.

दुसरे उदाहरण टू यूयू या चिनी बाईंचे. डॉक्टरेट नाही, परदेशातले शिक्षण नाही. १९६७ मध्ये सुरू झालेल्या लष्करी गुप्त प्रकल्पात त्यांनी जुने वैद्यकग्रंथ चाळून एका वनस्पतीतले द्रव्य कमी उष्णतेवर, ईथर वापरून वेगळे केले. १९७१ च्या ऑक्टोबरमध्ये १९१ क्रमांकाचा नमुना उंदरांवर पूर्ण यशस्वी ठरला. पुढच्या वर्षी त्यांनी तो अर्क आधी स्वतः घेऊन पाहिला. त्याच्या रेणूच्या रचनेवरचा पेपर १९७७ मध्ये आला तो गटाच्या नावाने. त्यावर कुणा एकाचे नाव नव्हते. २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. आर्टेमिसिनिनवर आधारित उपचारांनी किती जीव वाचले याची मोजदाद करणे अवघड आहे. बायोडेटा मोजून माणसे निवडणाऱ्या कुठल्याही समितीने या बाईंना मुलाखतीलाही बोलावले नसते!

पण यावरून 'पेपर नकोतच' असा अर्थ काढू नका. ते काम गुप्त राहिल्यामुळे बाहेरच्या जगाला ते उशिरा कळले. जागतिक आरोग्य संघटनेने ही मिश्र औषधे वापरावीत अशी शिफारस केली ती २००१ मध्ये. मधल्या काळात आफ्रिकेत क्लोरोक्विन निकामी होत गेले आणि मुले मरत राहिली. जे सापडले ते छापणे, इतरांना तपासू देणे, हे शास्त्रज्ञाचे कर्तव्यच आहे. त्या कर्तव्याचे आपण गुणपत्रक केले आणि तिथे गाडी घसरली.

"आपण केले" असे मी मुद्दाम म्हणते. कारण या देशात आलेले आपण बरेच जण याच गुणपत्रकावर इथे टिकलो आहोत. असामान्य गुणवत्तेच्या वर्गातून ग्रीन कार्ड मागायचे तर पेपर किती, सायटेशन किती, इतरांचे पेपर तपासले किती, याची चळत लावावी लागते. माझ्या अर्जाच्या वेळी वकील म्हणाले होते, "आणखी दोन-तीन पेपर असते तर केस भक्कम झाली असती." हे ऐकून एका ज्येष्ठ सहकाऱ्याने केवळ दयेपोटी माझे नाव त्यांच्या दोन पेपरवर घातले. एकासाठी मी थोडेफार काम केले होते. दुसरा मी छापून आल्यावर वाचला. त्यातल्या दोन आकृत्यांबद्दल आज कुणी मला विचारले तर उत्तर देता येणार नाही. तो पेपर अजून माझ्या यादीत आहे. गेल्या महिन्यात या लेखासाठी मी स्वतःची यादी काढून बसले. एकूण त्रेचाळीस पेपर. मी नसते तर झालेच नसते, आणि दुसऱ्या कुणी ते तपासून पुढे नेले आहे, असे मोजून सहा निघाले. दोन दिवस मन खट्टू होते. पण त्या सहांबद्दल मला रात्री झोपेतून उठवून विचारा, मी प्रत्येक आकडा सांगेन.

भारतातली गोष्ट याहून दुखरी आहे. २०१० पासून प्राध्यापकांच्या बढतीसाठी यूजीसीने 'एपीआय' गुण आणले, आणि गुण हवेत म्हणून पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले. विदर्भातल्या एका कॉलेजात शिकवणारी माझी वर्गमैत्रीण सांगते, "अगं, प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक धड नाही, पण पेपर मात्र वर्षाला दोन दाखवावे लागतात." पुणे विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०१८ मध्ये यूजीसीच्या मान्यताप्राप्त यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने आलेली १००९ नियतकालिके तपासली. त्यातली ८८ टक्के निकषांवर उतरली नाहीत. त्यानंतर पुण्यातूनच 'केअर' नावाची चाळलेली यादी तयार होऊ लागली. २०२५ मध्ये यूजीसीने तीही बंद केली. हैदराबादच्या ओमिक्स या प्रकाशकाविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने दावा लावला आणि २०१९ मध्ये इथल्या कोर्टाने ५ कोटी डॉलरहून मोठ्या रकमेचा निकाल दिला. एक बरी गोष्ट म्हणजे पीएच.डी.साठी पेपर छापलाच पाहिजे ही यूजीसीची सक्ती २०२२ मध्ये गेली.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. आकडा निदान तटस्थ असतो. तो काढून टाकला तर पुन्हा वशिला येईल, ओळखीपाळखी येतील, मोठ्या घरातली मुले पुढे जातील. बाहेरून आलेल्या, नाव उच्चारता न येणाऱ्या माझ्यासारखीला आकड्यानेच दार उघडून दिले, हे मी कसे विसरेन? पण आकडा काढून टाका असे मी म्हणत नाहीच. आकड्याच्या जोडीला वाचन मागा, एवढेच. २०१३ मध्ये जाहीर झालेल्या सॅन फ्रान्सिस्को घोषणापत्राचा गाभा हाच आहे. निवड समितीने उमेदवाराचे पाच पेपर मागावेत, त्यात त्याने स्वतः काय केले हे अर्ध्या पानात लिहून घ्यावे आणि समितीतल्या एकाने तरी ते पाचही वाचून यावेत. वशिल्याला याहून मोठा अडसर नाही, कारण न केलेल्या कामाबद्दल अर्धे पान लिहिणे फार कठीण असते. आमच्या विभागात हा ठराव मी दोनदा मांडला. दोन्ही वेळा सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मग "वेळ कुठे आहे" म्हणून तो बारगळला. यंदा तिसऱ्यांदा मांडणार आहे.

आणि तुम्ही, जे शास्त्रज्ञ नाहीत? ग्रुपवर येणारा प्रत्येक पेपर तुम्ही वाचावा असे मी म्हणणार नाही. पण चार प्रश्न कुणालाही विचारता येतात. अभ्यासात माणसे किती होती, आणि शेवटच्या हिशेबात त्यातली किती उरली? औषध कुणाला द्यायचे हे चिठ्ठीने ठरले की डॉक्टरच्या मर्जीने? दुसऱ्या कुणी, दुसऱ्या गावात, हेच करून पाहिले का? आणि जो तुम्हाला हे सांगतो आहे, त्याने स्वतः ते वाचले आहे का? चौथा प्रश्न माझ्यासारख्या घरच्या तज्ज्ञांना विचारण्यासाठी आहे. तो विचारताना अजिबात संकोच करू नका.

हा अंक तुमच्यापर्यंत पोचेल तेव्हा २० ऑगस्ट जवळ आलेला असेल. रॉसला डासात परजीवी दिसला तो हाच दिवस. आणि २०१३ मध्ये पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली तोही हाच. दाभोलकर स्वतः डॉक्टर होते आणि बाबा-बुवांना ते जे विचारत, ते पुरावा काय, एवढेच होते. तो प्रश्न भगव्या कफनीला विचारायचा आणि पांढऱ्या कोटाला विचारायचा नाही, असे थोडेच आहे? उलट पांढऱ्या कोटाने तो स्वतःलाच आधी विचारायला हवा.

मावशी आता बरी आहे. गोळी नियमित मिळते, बोटे पुष्कळ सुधारली आहेत. तिच्यापाशी मी माझी चूक कबूल केली तेव्हा ती फक्त हसली होती. पण आता ग्रुपवर आरोग्याचे काहीही आले आणि मी त्यावर मत दिले की खाली तिचा मेसेज येतो, "वाचलंस का गं?"

तुमचे अनुभव, मतभेद जरूर कळवा. विशेषतः निवड समित्यांवर बसणाऱ्या आणि ग्रीन कार्डसाठी शिफारसपत्रे लिहिणाऱ्या मंडळींनी लिहावे. पुढच्या अंकात पत्रांसाठी जागा राखून ठेवली आहे.



– संपादक मंडळाच्या वतीने